यानिसला विकावं का? (एनबीए बास्केटबॉल: मिलवॉकी बक्स, काल्पनिक सौदा)

मध्यरेषा
नमस्कार मंडळी. २०२५-२६ चा हंगाम सुरू व्हायच्या आत एकदा हा विषय नीट चघळून घेऊ. मिलवॉकीने यानिस अँटेटोकुंपोला आत्ता विकावं का, आणि विकायचाच झाला तर काय घेऊन?

बाजू मांडतो. डिसेंबर २०२४ मध्ये तिशी झाली. गेल्या हंगामात सरासरी ३०.४ गुण, ११.९ रिबाउंड, ६.५ असिस्ट, म्हणजे खेळ उतरलेला नाही. संघ मात्र २०२३, २०२४, २०२५ अशा तीन वर्षांत पहिल्याच फेरीत गारद, त्यात दोनदा इंडियानाकडून. त्याचा साथीदार लिलार्डचं अकिलीस (टाचेमागची शीर) एप्रिलमध्ये तुटलं, जुलैमध्ये त्याला सोडलं आणि त्याच्या कराराचे उरलेले पैसे पाच वर्षांत पसरवले. त्या जागेत माइल्स टर्नर आणला.

माझं मत: विकू नये. अपवाद एकच, मिलवॉकीचे स्वतःचे ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले हक्क) परत मिळत असतील तर. नुसते तीन तरुण खेळाडू आणि चार पिक असा नेहमीचा ढीग मिळणार असेल तर फोन ठेवून द्यावा.

तिसरा_पंच
जागा पकडली. पॉपकॉर्न मागवलेत.

झेलचुकला
मध्यरेषा, इथे उलटं मत. तिशीतला, पायाच्या ताकदीवर खेळणारा खेळाडू. बाहेरून शॉट नाही. असा खेळ हळूहळू उतरत नाही, एकदम खाली येतो. आज जो भाव येईल तो दोन वर्षांनी येणार नाही. केविन ड्युरँटचंच बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिनिक्सने त्याच्यासाठी ब्रुकलिनला मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, चार अनप्रोटेक्टेड (कितीही वरचे आले तरी द्यायचेच) पहिल्या फेरीचे पिक आणि २०२८ चा स्वॅप (पिकांची अदलाबदल करून वरचा घेण्याचा हक्क) मोजला. या जुलैत तोच ड्युरँट ह्यूस्टनला गेला तेव्हा फिनिक्सला मिळालं काय? जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, यंदाचा दहावा पिक आणि पाच दुसऱ्या फेरीचे. अडीच वर्षांत एवढी घसरण.

अंकगणिती
झेलचुकला, उदाहरण बरोबर आहे, पण घसरणीचं कारण नुसतं वय नाही. ड्युरँटच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं आणि त्याला कुठे जायचंय ते सगळ्यांना माहीत होतं. भाव ठरतो तो हातात किती प्लेऑफ येतात यावर.

यानिसचा करार असा:
२०२५-२६: सुमारे ५.४१ कोटी डॉलर
२०२६-२७: सुमारे ५.८५ कोटी
२०२७-२८: सुमारे ६.२८ कोटी, पण हे वर्ष त्याच्या मर्जीवर

म्हणजे आज घेणाऱ्याला दोन प्लेऑफ नक्की. फेब्रुवारीच्या डेडलाइनला (सौद्यांची शेवटची तारीख) घेणाऱ्यालाही दोनच, कारण २०२६ आणि २०२७ दोन्ही प्लेऑफ अजून पुढेच असतील. पुढच्या उन्हाळ्यात घेणाऱ्याला एक. तेव्हा आज आणि फेब्रुवारी यांच्यात विकणाऱ्याचं नुकसान फारसं नाही, दुखापतीची जोखीम सोडली तर. फेब्रुवारी आणि जून यांच्यात मात्र भाव दाणकन पडतो.

झेलचुकला
"दुखापतीची जोखीम सोडली तर" हे वाक्य किती सहज लिहिलंत! २०२४ च्या प्लेऑफमध्ये पोटरीच्या दुखापतीने तो एकही सामना खेळला नव्हता.

खारीवाला
विषय समजतोय असं वाटतंय, पण एक मूलभूत शंका. आयपीएलमध्ये हार्दिक नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातहून मुंबईत आला तो सरळ रोख व्यवहार होता. इथे तसं का नाही? कुणी पन्नास कोटी डॉलर दिले तर मिलवॉकी नाही म्हणेल का?

अंकगणिती
खारीवाला, चालत नाही. एनबीएमध्ये संघ वर्षभरात सगळ्या सौद्यांत मिळून सुमारे ८० लाख डॉलरच रोख देऊ शकतो, आणि दुसऱ्या अ‍ॅप्रनच्या वरच्या (पगारखर्चाची वरची रेषा ओलांडलेल्या) संघाला तेही बंद. शिवाय आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. एनबीएत लागत नाही, करारात नो-ट्रेड कलम (संमतीशिवाय विकायचं नाही) असेल तरच.

ते कलम मागायलाही लीगमध्ये आठ वर्षं आणि त्याच संघात चार वर्षं लागतात, आणि ते नव्या करारातच घालता येतं, मुदतवाढीत नाही. यानिसने कायम मुदतवाढच घेतली, म्हणून त्याच्याकडे नाही.

पिंपळपान
ब्रॅडली बीलकडे होतं! वॉशिंग्टनने २०२२ मध्ये दिलं, वर्षभरात त्याला फिनिक्सला धाडावं लागलं तेव्हा कलमामुळे सौदेबाजीची ताकद शून्य. आणि ते कलम त्याच्यासोबत फिनिक्सलाही गेलं. शेवटी त्यांनाही पैसे मोजून सोडायला लागला.

सदूभाऊ
कागदावर संमती लागत नाही हे खरं, पण व्यवहारात लागते. दोन वर्षांनी मोकळा होणाऱ्या खेळाडूने "तिथे मी पुढचा करार करणार नाही" एवढं एजंटामार्फत कळवलं की अर्धे गिऱ्हाईक पळतात.

टोरंटोने २०१८ मध्ये हे झुगारून कवाय लेनर्डला घेतलं. करार एकाच वर्षाचा, त्याने शब्दही दिलेला नव्हता. डेरोझन, पोल्टल आणि एक प्रोटेक्टेड पिक दिला, २०१९ चं विजेतेपद घेतलं आणि तो निघून गेला. टोरंटोत आजही कुणी त्याबद्दल हळहळत नाही. तेव्हा धाडसी गिऱ्हाईक मिळू शकतं, पण असं गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

मध्यरेषा
चर्चा गिऱ्हाइकाकडे वळली. मला विक्रेत्याबद्दल बोलायचंय. मिलवॉकीच्या पहिल्या फेरीच्या पिकांची आजची स्थिती बघा:

२०२६: न्यू ऑर्लिन्स आणि मिलवॉकी यांतला वरचा अटलांटाकडे, खालचा मिलवॉकीला
२०२७: ज्रू हॉलिडेला आणलं त्या २०२० च्या सौद्यात गेलेला
२०२८: पोर्टलँडला स्वॅपचा हक्क
२०२९: पोर्टलँडचा, अनप्रोटेक्टेड
२०३०: पोर्टलँडला स्वॅपचा हक्क

नेहमीची पद्धत काय? तारा विकायचा, दोन-तीन वर्षं हरायचं, लॉटरीत (निवडक्रमाच्या सोडतीत) वरचा पिक घ्यायचा. तळाच्या तिघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के शक्यता. मिलवॉकी हरली तर ही शक्यता अटलांटाला आणि पोर्टलँडला मिळणार! २०३१ पर्यंत हरण्यात यांचा काडीचा फायदा नाही. म्हणून म्हणतो, यानिस विकण्याआधी हरण्याचा हक्क विकत घ्या.

पिंपळपान
यातला विनोद कुणी बघितला का? २०२३ मध्ये मिलवॉकीने हॉलिडे आणि पिक दिले, लिलार्ड आणला. हॉलिडे पोर्टलँडहून बॉस्टनला गेला, या उन्हाळ्यात परत पोर्टलँडला आला. लिलार्डही सोडल्यावर पोर्टलँडलाच परतला, आणि जाताना स्वतःसाठी नो-ट्रेड कलमही घेतलं. पिकही तिथेच. मिलवॉकीकडे काय राहिलं, तर २०३० पर्यंत दरवर्षी भरायचे सव्वादोन कोटी डॉलर.

तिसरा_पंच
हा सौदा नव्हे, आंदण.

अंकगणिती
सव्वादोन कोटींचा हिशोब देतो, कारण यानिस गेला तरी ते डोक्यावर राहणारच. लिलार्डचे दोन वर्षांचे ५.४१ आणि ५.८५ मिळून ११.२६ कोटी बाकी होते. पसरवण्याचा नियम: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक. म्हणजे पाच वर्षं. ११.२६ भागिले पाच, २.२५. अशी मृत रक्कम एका वर्षात कॅपच्या (संघाच्या पगारांच्या मर्यादेच्या) १५ टक्क्यांवर जाता कामा नये. यंदाचा कॅप १५.४६ कोटी, १५ टक्के म्हणजे २.३२. जेमतेम बसलं. आता आणखी कुणाला असं पसरवायची सोय जवळजवळ संपली.

सदूभाऊ
मध्यरेषा, स्वतःचे पिक परत घेण्याचा मुद्दा पटला. याला ताजं उदाहरण आहे. जून २०२४ मध्ये ब्रुकलिनने ब्रिजेसला न्यूयॉर्कला विकलं, पाच पहिल्या फेरीचे पिक घेतले. त्याच वेळी ह्यूस्टनशी वेगळा सौदा करून २०२५ आणि २०२६ चे स्वतःचे पिक मोकळे करून घेतले. बदल्यात दिले फिनिक्सचे. ह्यूस्टनला त्यातून जो २०२५ चा पिक मिळाला तोच दहावा, जो ड्युरँटसाठी पुन्हा फिनिक्सला गेला. पिक सगळा फेरफटका मारून घरी!

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. पोर्टलँडकडे असलेला २०२९ चा पिक यानिस मिलवॉकीत असेपर्यंत एका किमतीचा, आणि तो गेल्याची बातमी फुटली की दुसऱ्याच किमतीचा. म्हणून आधी पोर्टलँड, मग यानिस.

झेलचुकला
सदूभाऊ, पोर्टलँडवाले काय दूध पिती बाळं आहेत? मिलवॉकीचा जीएम (महाव्यवस्थापक) होर्स्टने फोन करून २०२९ चा पिक मागितला की त्यांना त्याच मिनिटाला कळेल कशासाठी चाललंय. ते आत्ताच वरचा भाव लावतील.

आणि ब्रुकलिनचं पुढे काय झालं तेही सांगा ना. पिक परत घेतला, हंगामात २६ सामने जिंकून बसले आणि निवड आली आठव्या क्रमांकावर. उलट डॅलसने १.८ टक्के शक्यतेवर पहिला क्रमांक मारला आणि कूपर फ्लॅग नेला.

सदूभाऊ
कळेल ना. म्हणूनच तिघांचा एकच सौदा करावा लागेल. पोर्टलँडला मिलवॉकीच्या पिकांऐवजी तिसऱ्या संघाचे पिक, आणि सगळं एकाच ट्रेड कॉलवर लीगला कळवायचं. पोर्टलँड जास्त मागेल हे गृहीत धरा. तरी "जास्त" म्हणजे किती? आठवा नंबर आला म्हणून हक्क फुकट गेला असं होत नाही. हक्क नसता तर आठवाही ह्यूस्टनला गेला असता.

गोलंदाज_गणू
मला वाटलं हा धागा गॅस सिलिंडर विकण्याबद्दल आहे. बक्स म्हणजे काय?

तिसरा_पंच
गणू, हरीण. मैदानावर शिंगं असलेलं.

खारीवाला
तिसरा संघ कोण? नावं घ्या की आता. न्यूयॉर्कचं ऐकतो बुवा सारखं.

अंकगणिती
न्यूयॉर्क कागदावरच अडतं. त्यांच्या टाउन्सचा पगार ५.३१ कोटी, यानिसचा ५.४१. पहिल्या अ‍ॅप्रनच्या (१९.५९ कोटी) वरचा संघ पाठवतो त्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेऊ शकत नाही. म्हणजे टाउन्ससोबत आणखी एक छोटा पगार जोडावा लागेल. दोन पगार एकत्र जोडले की तो संघ त्या वर्षासाठी दुसऱ्या अ‍ॅप्रनवर, म्हणजे २०.७८ कोटींवर, कुलूपबंद, त्यापुढे जाता येत नाही. किमान करारवाले भरतानाही घाम फुटेल.

त्याहून मोठी अडचण पिकांची. ब्रिजेससाठी २०२७, २०२९, २०३१ देऊन बसलेत. स्टेपियनचा नियम सांगतो की लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीविना राहायचं नाही. म्हणून २०२६, २०२८, २०३०, २०३२ असूनही देता येत नाहीत. पुढच्या सात ड्राफ्टपलीकडचं काही विकता येत नाही. थोडक्यात तिजोरी भरलेली, किल्ली ब्रुकलिनकडे.

पिंपळपान
गोल्डन स्टेटच्या बटलरचा पगार यानिसइतकाच आहे, ५.४१. एकास एक, हिशोबाला सोपा :)

झेलचुकला
पिंपळपान, पस्तिशी ओलांडलेला बटलर घेऊन मिलवॉकीने काय लोणचं घालायचं?

माझं उत्तर सॅन अँटोनियो. २०२५ चा सर्वोत्तम नवोदित स्टेफन कॅसल, या ड्राफ्टचा दुसरा पिक डिलन हार्पर, वर अटलांटाचा २०२७ चा पिक. यानिस आणि त्यांचा वेंबन्यामा एकत्र म्हणजे रिंगपाशी जायला कुणाची छाती होणार नाही.

अंकगणिती
पगार चक्क जुळतात. डेव्हिन व्हसेल सुमारे २.७०, केल्डन जॉन्सन १.७५, कॅसल ०.९६. बेरीज ५.४१. अगदी ओढूनताणून न बसवता.

पण तपशील बघा. तीन येतात, एक जातो. हंगामाआधी २१ जण ठेवता येतात, हंगाम सुरू झाला की १५ च. हाच सौदा फेब्रुवारीत केला तर मिलवॉकीला आधी दोन जागा रिकाम्या कराव्या लागतील. टर्नर यांसारखे उन्हाळ्यात सही केलेले खेळाडू १५ डिसेंबरपर्यंत कुणाला देता येत नाहीत. म्हणून खरी बोलणी बहुतेक डिसेंबरच्या मध्यानंतरच सुरू होतात.

मध्यरेषा
झेलचुकला, तुमच्या यादीत कॅसल आणि हार्पर दोघं आहेत. सॅन अँटोनियो दोघांना देणार नाही, एक देईल. अटलांटाचा २०२७ माझ्या यादीतही आहे, फक्त मी तो मिलवॉकीत ठेवणार नाही. तो थेट पोर्टलँडला, बदल्यात २०२८ आणि २०३० चे स्वॅप रद्द. २०२९ परत हवा असेल तर सॅन अँटोनियोचा स्वतःचा एक अनप्रोटेक्टेड वर.

म्हणजे मिलवॉकीच्या हाती: कॅसल (किंवा हार्पर), व्हसेल, जॉन्सन आणि २०२८ पासून स्वतःचे सगळे पिक. मथळ्यात "चार पिक मिळाले" असं छापून येणार नाही, लोक होर्स्टला शिव्या घालतील. तरी मला हाच सौदा पटतो. सॅन अँटोनियोचे पिक घेऊन काय करायचं? तिथे यानिस गेला की ते तिसावे नाहीतर एकोणतिसावेच येणार!

सदूभाऊ
शेवटचं वाक्य शंभर टक्के. ज्या संघाला तारा देता त्याचेच जवळचे पिक घेणं ही जुनी चूक. घ्यायचेच तर लांबचे घ्या, तो तारा म्हातारा झाल्यानंतरचे. बॉस्टनने २०१३ मध्ये गार्नेट आणि पिअर्स देऊन ब्रुकलिनचे २०१४, २०१६, २०१८ आणि २०१७ चा स्वॅप घेतला. २०१४ चा फार वर आला नाही. २०१६ मधून जेलन ब्राउन, २०१७ च्या स्वॅपमधून पहिला क्रमांक आणि पुढे टेटम. २०२४ चं विजेतेपद त्यावर उभं आहे. ओक्लाहोमाचंही तसंच, २०१९ मध्ये क्लिपर्सला पॉल जॉर्ज देऊन शाय गिल्जस-अलेक्झांडर घेतला, आणि क्लिपर्सच्या २०२२ च्या पिकातून जेलन विल्यम्स.

पिंपळपान
ही दोन उदाहरणं सगळे देतात, कारण ती फळली. न फळलेली बघा. गार्नेटलाच २००७ मध्ये मिनेसोटाने विकलं होतं. अल जेफरसन, गोम्स, ग्रीन, टेलफेअर, रॅटलिफ आणि दोन पिक. संख्या भरपूर. पुढचं प्लेऑफ २०१८ मध्ये. फिलाडेल्फियाने १९९२ मध्ये बार्कली देऊन हॉर्नासेक, पेरी, लँग घेतले, पुढच्या हंगामात २६ विजय.

खारीवाला
आणि डॅलसने लेकर्सला दिलेला लुका डॉन्चिच?

झेलचुकला
लुकाचं नाव काढू नका, रक्तदाब वाढतो. पंचविशीतला खेळाडू, बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा फक्त एक पिक, २०२९ चा. लिलावच झाला नाही, गुपचूप एकाच संघाशी बोलणं. यानिसच्या बाबतीत निदान सगळ्या लीगला कळू द्या, म्हणजे चढाओढ लागेल.

सदूभाऊ
मिलवॉकीचा स्वतःचाच इतिहास राहिला की! करीम अब्दुल-जब्बार, जून १९७५. त्यानेच बाहेर पडायची मागणी केली होती. मिळाले एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, आणि लेकर्सने त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये उचललेले डेव्ह मायर्स व ज्युनिअर ब्रिजमन. मायर्स दुसरा पिक, ब्रिजमन आठवा. त्या काळच्या मानाने वाईट परतावा नव्हता. विंटर्स आणि ब्रिजमन दोघांच्या जर्सी छताला टांगल्या आहेत. १९८० ते १९८६ सलग सात डिव्हिजन जिंकल्या.

पण अंतिम फेरी एकदाही नाही, आणि करीमला लेकर्सकडे पाच विजेतेपदं. पुढचा करंडक २०२१ मध्ये, तोही यानिसच्या ५० गुणांच्या सामन्यात. म्हणजे "चांगला" सौदा करूनही ४६ वर्षं.

झेलचुकला
सदूभाऊ, हा मुद्दा माझ्याही बाजूने जातो. करीमला ठेवला असता तर तो एका वर्षात फुकट गेला असता. सात डिव्हिजनही नसत्या.

सदूभाऊ
मान्य. म्हणूनच माझा निकष: खेळाडूने स्वतः मागितल्याशिवाय विकू नका. मागितलं तर त्याच दिवशी मध्यरेषांचा तीन संघांचा आराखडा बाहेर काढा.

मध्यरेषा
त्याच दिवशी काढून चालणार नाही, पोर्टलँडशी बोलणं आधीपासून हवं. बाकी सहमत.

अंकगणिती
एक व्यवहारी गोष्ट राहिली. ट्रेड कॉल झाला म्हणजे सौदा झाला असं नाही, वैद्यकीय तपासणी बाकी असते. यंदा फेब्रुवारीत लेकर्सने शार्लटच्या मार्क विल्यम्ससाठी नेक्ट, रेडिश, २०३१ चा पिक आणि २०३० चा स्वॅप मोजला, तपासणीत तो नापास झाला आणि सगळं रद्द. डेडलाइन उलटून गेली होती, दुसरा सौदा करायला वाव नाही. तीन संघांच्या सौद्यात एक खेळाडू नापास झाला तर सगळी साखळी तुटते, आणि तोवर शहराला कळलेलं असतं की तुम्ही यानिसला विकत होता. तेव्हा डेडलाइनच्या दिवसापर्यंत ताणू नये, निदान आठवडाभर हाताशी हवा.

पिंपळपान
विकायचा नसेल तर उलट बाजूने काय करता येतं? मिलवॉकीकडे द्यायला काही शिल्लक आहे का?

अंकगणिती
एक पिक आहे. २०२९ गेलेला, २०३० मध्ये स्वॅप असला तरी कुठला तरी एक पिक हातात येतोच, म्हणून २०३१ देता येतो. नाहीतर २०३२. दोन्ही नाही, स्टेपियन आडवा येतो. सोबत मिलवॉकीच्या कुझ्माचा सव्वादोन कोटींच्या आसपासचा पगार जुळवायला. एवढ्यात मधल्या दर्जाचा विंग (कडेने खेळणारा) मिळेल, तारा नाही.

झेलचुकला
आणि तो २०३१ चा पिक म्हणजे यानिसनंतरच्या मिलवॉकीचा. सगळ्यात महाग तोच.

तिसरा_पंच
मग २०३२ चा द्या. तेव्हाचा जीएम बघून घेईल.